इंजिनाचं पाणी

उन्हाळा आला की लोकांना आंबे आठवतात, लग्नं आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला स्टेशन आठवतं.

परवा आमच्या गल्लीत टँकर आला. ड्रायव्हर खाली उतरायच्या आत बायकांनी वरच्या तोंडातून नळ्या सोडल्या होत्या. टँकरच्या पोटावर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याखाली त्याच्या औदार्याबद्दल चार ओळी. पाण्यावर नाव घालायची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. मी खिडकीत उभा राहून बघत होतो. सांडलेलं पाणी समोरच्या घराच्या पायथ्याला मुरलं आणि मला ओल्या चुन्याचा वास आला. मग दिवसभर काही सुचलं नाही.

त्यातच गेल्या महिन्यात गावातली काही तरुण मंडळी येऊन गेली होती. बाजारातली स्टेशनची इमारत आता ऐतिहासिक ठरली आहे म्हणे. तिला रंग द्यायचा आहे, दिवे लावायचे आहेत आणि एक पुस्तिका काढायची आहे. तुम्ही जुने, वाचणारे, तेव्हा ‘स्टेशनचा इतिहास आणि रचना’ असा लेख तुम्ही लिहा. जागा ज्यांनी दिली त्या तुमच्या चुलत्यांचं नाव दगडात कोरणार आहोत. मी हो म्हणालो. माझ्या वयाला नाही म्हणायला जास्त श्रम पडतात. लेखही लिहून दिला, कमानींचा. त्यांना तो आवडला. त्यात जे नव्हतं ते इथे लिहितो आहे.

अंबडहून शहागडकडे उतरताना वाटेत आमचं गाव लागतं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. जालन्याला आगगाडी कधीच आली होती. तिथून अंबडवरून थेट गोदावरीपर्यंत एक छोटी लाईन टाकायची, म्हणजे काळ्या रानातला कापूस बैलगाड्यांत न कुजता जिनिंगच्या कारखान्यापर्यंत जाईल, असं सरकारच्या मनात आलं. सरकारच्या मनात येणं आणि प्रत्यक्षात येणं यांत किती अंतर असतं हे आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आम्ही नवखे होतो.

इंजिनिअर आला. त्यानं दुर्बीण लावून गावाबाहेरचा मुरमाड उंचवटा पसंत केला. शहाणा माणूस असावा. पण गावाचा जीव खाली-वर झाला, कारण घनसावंगीच्या लोकांनी बाजारात बोलून दाखवलं होतं की स्टेशन शिवारात गेलं म्हणजे ते तुमचं नव्हेच. माझे चुलते, आबा, गावचे पाटील. घोडी, जरीचा फेटा आणि मोठा आवाज अशा तीन इस्टेटी बाळगून असलेला माणूस. ते इंजिनिअरला म्हणाले, “सायेब, तिकडं आमचा मसनवटा हाय. आमी काय मेल्यावर गाडीत बसावं?”

इंजिनिअर म्हणाला, बाजारात जागा कुठे आहे? आणि जागा असली तरी इंजिनाला पाणी लागतं. पाण्यावाचून स्टेशन नाही.

बाजाराच्या कडेला आबांची बारव होती. दगडी पायऱ्यांची, खाली उतरत जाणारी विहीर. तिचा झरा त्यांच्या वडिलांच्या आठवणीत कधी आटला नव्हता. सबंध बाजारपेठ तिथं पाणी भरायची. आबांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, जागा माझी घ्या, बारव माझी घ्या, पण स्टेशन बाजारातच झालं पाहिजे.

नुसता कागद केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. कागदाला पळवाटा असतात. पण आबांना कागद कमी वाटला. त्यांनी दानच करायचं ठरवलं, उदक सोडून. आपल्याकडे दान देताना देणारा हातात पाणी घेऊन ते घेणाऱ्याच्या हातावर सोडतो, आणि बायको त्याच्या कोपराला हात लावून उभी राहते. एकदा पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा आपल्या घराचा हक्क संपला. दिलेलं परत घेईल तो पुढल्या जन्मी सरडा होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

दान कुणाला, असा प्रश्न निघाला. सरकार मुसलमान, इंजिनिअर कोण ते कुणी विचारलं नाही, आणि इंजिनाला गोत्र नाही. जोशीबुवांनी तोड काढली. तहानलेल्याला पाणी हे सर्वांत मोठं दान, आणि इंजिनाइतकं तहानलेलं जनावर अजून आपल्या मुलखात आलेलं नाही. तेव्हा दान इंजिनाला, इंजिनिअर फक्त हात पुढे करतील. त्यानं बिचाऱ्यानं केला. आबांनी पळीभर पाणी सोडलं. काकीनं आबांच्या कोपराला दोन बोटं लावली होती. इंजिनिअरनं हात रुमालाला पुसला आणि घड्याळात बघितलं. मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात शिकत होतो, सुटीला आलो होतो आणि कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होतो. आमच्या आणि आबांच्या घराच्या वाटण्या झालेल्या होत्या, चुली वेगळ्या होत्या, त्यामुळे हसायला मोकळीक होती.

मग स्टेशन उठलं. पुस्तिकेत मी त्याचं कौतुक केलं आहे आणि ते खोटं नाही. काळा पाषाण, चुन्यानं भरलेले सांधे, टोकदार कमानी, चार कोपऱ्यांना चार छोटे घुमट. मधोमध मनोरा, त्यात चार दिशांना घड्याळांसाठी चार गोल भोकं. घड्याळं हैदराबादेहून यायची होती. भोकांत कबुतरं बसली आणि चारी दिशांना घुमू लागली. पहिल्या दर्जाच्या खोलीत भिंतीत शेकोटी होती. नकाशा कुठल्या तरी थंड देशाच्या पुस्तकातून उतरवला असावा, नाहीतर वैशाखात अंगाला भाजणाऱ्या आमच्या गावात शेकोटी कुणाला सुचेल? तिसऱ्या दर्जाला मुसाफिरखाना, म्हणजे दगडी खांबांवर पत्रे. तिकिटाची खिडकी इतकी खाली आणि इतकी खोल की कोपरापर्यंत हात घालून मान वाकवल्याशिवाय आतला माणूस दिसू नये. नकाशा काढणाऱ्यानं रयतेची उंची आधीच ठरवून टाकली होती.

सगळ्या इमारतीत डोकं लावून बांधलेली एकच खोली होती, जनाना. जाड भिंती, उंच झरोके, दारापुढे आडवी पडदाभिंत आणि बाजाराच्या अंगाला दगडी जाळी. जाळी अशी कोरली होती की आतल्या बाईला बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरच्याला आतलं काही दिसू नये. त्या खोलीत भर दुपारी गारवा असे. कुणीतरी मनापासून विचार केला होता की इथे एखादी बाई तासन्‌तास बसणार आहे.

आणि टाकी. उंच दगडी चौथऱ्यावर चुन्यात बांधलेला हौद, त्याला इंजिनाला पाणी पाजायची लोखंडी सोंड. बारवेभोवती भिंत घातली, तोंडावर फरशी बसवली, फरशीला कुलूप. बारवेतलं पाणी रहाटानं हौदात चढवायला दोन गडी नेमले. बाजारपेठ खालच्या आळीतल्या विहिरीवर जाऊ लागली. कुणी कुरकुरलं नाही. गाडी येणार होती.

उद्घाटन झालं. रूळ आले नव्हते, पण तहसीलदारसाहेबांची तारीख मिळाली होती, आणि रूळ काय, कधीही येतात. आबांचं उर्दू भाषण मी लिहून दिलं. त्यांनी ते म्हशीपुढे उभं राहून पाठ केलं. अत्तर-गुलाब झालं, पानसुपारी झाली. शेवटी तहसीलदारांनी फलाटाच्या कडेला जाऊन रुळांसाठी खणलेल्या रिकाम्या चराला हिरवी झेंडी दाखवली. टाळ्या पडल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते मी फलाटावर उभं राहून पाहिलेलं आहे.

पुढे दूर कुठेतरी लढाई पेटली. आमच्यासाठी जालन्याच्या यार्डात पडलेले रूळ म्हणे जहाजात घालून तिकडे नेले. स्टेशन तेवढं नेता आलं नाही.

स्टेशनमास्तरांची नेमणूक मात्र होऊन बसली होती. हमीदसाब त्यांचं नाव. सडपातळ, चष्मेवाले, पन्नाशीचे गृहस्थ. सकाळ-संध्याकाळ काळा कोट घालून, बटणं लावून ते फलाटावर येत आणि घंटा वाजवत. न येणाऱ्या गाडीची वेळ चुकू नये याची त्यांना फार काळजी. गावाला त्याची सवय झाली. घंटेवर दुधं निघत, पोरं शाळेत जात. मी एकदा त्यांना छेडलं, मास्तर, तुमच्या गाडीला आजवर एक मिनिटही उशीर झालेला नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, “जिस दिन घंटी नै बजाया, उस दिन मैं पागल हूं समझना.”

मग पावसाळा आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही.

तो उन्हाळा मला क्रमानं आठवत नाही. तो वासांनी आणि आवाजांनी आठवतो. कोरड्या विहिरीच्या तळाला घागर खरवडल्याचा आवाज, त्यानं दात शिवशिवत. कडुलिंबाचा मोहर उमलायच्या आत गळून पडलेला आणि पायाखाली चुरचुर वाजणारा. चोच उघडी ठेवून बसलेले कावळे. दावणीला बसलेला बैल, त्याला शेपूट धरून उठवायचं, आणि तो उठत नाही म्हटल्यावर शेपूट सोडून द्यायचं. गोदावरी फार लांब नव्हती. शहागडच्या डोहात हिरवं का होईना पाणी होतं. पण गाडी जुंपायला बैल उठत नव्हते. लोकांनी ओढ्याच्या वाळूत खड्डे खणले. त्यांना झिरे म्हणतात. रात्रभर पाझरून वाटीवाटीनं साचलेलं ते पाणी बायका फडक्यातून गाळून घेत. गाळूनही त्याला गोमूत्रासारखा रंग असे.

आणि बाजाराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या वर, हौद काठोकाठ भरलेला.

तो रिकामा का करता येत नाही, याला कारण होतं. कारण नाही असा अन्याय मी आयुष्यात फारसा पाहिला नाही. चुन्याचं बांधकाम एकदा आतून वाळलं की सांधे उकलतात, मग पाणी ठरत नाही. म्हणून इंजिन येईपर्यंत हौद सदा भरलेला ठेवावा, असा जालन्याहून हुकूम होता. महिन्या दोन महिन्यांनी एक निरीक्षक घोड्यावर येई, शिडी चढून हौदात काठी बुडवून बघे आणि समाधानानं जाई. हौद थोडा पाझरायचा. चौथऱ्याची उत्तरेची भिंत कायम ओली असे. बायका त्या भिंतीला पदर टेकवून तोंड पुसत. वासरं यायची आणि चुना चाटत उभी राहायची. त्यांना हाकलायला कुणाला जोर नव्हता.

गावानं मास्तरांना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, पाणी इंजिनाचं आहे, माझं नाही. लोक निमूट परतले. गावाला ते पटलं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण पाटलांनी उदक सोडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. सरकारचा हुकूम एक वेळ मोडला असता.

मास्तर मात्र त्यानंतर बेचैन झाले. जेवण सुटलं, असं त्यांचा गडी सांगायचा. एका सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घंटा वाजवली. लोक जमल्यावर त्यांनी सांगितलं की इंजिनाच्या हौदाला हात लावायची त्यांना परवानगी नाही. परंतु मुसाफिरखान्यात बसलेल्या मुसाफिराला पिण्याचं पाणी देणं हा कायदा आहे, आणि ते बारवेतून द्यायचं असतं. गाडीची वाट किती वेळ बघावी, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

गावाला कळायला थोडा वेळ लागला. मग सबंध गाव गाडीची वाट बघायला येऊन बसलं. घोंगड्या आल्या, म्हाताऱ्या आल्या, तान्ही पोरं आली. मास्तर बटणं लावून रांगेतून फिरत आणि प्रत्येकाला अदबीनं विचारत, किधर जाना? कुणी जालना सांगे, कुणी हैदराबाद. एका म्हाताऱ्या धनगरानं काशी सांगितली. गडी प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओतत. मीही पुष्कळ वेळा हैदराबादला निघालो आणि पाणी पिऊन परत आलो.

आबा आले नाहीत. त्यांच्या घरातलं कुणीच आलं नाही.

आता वाटतं, त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. मी तेव्हा म्हणालो होतो. पुस्तकांतून मिळालेलं सगळं धाडस गोळा करून त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, आबा, गाडी नाही, इंजिन नाही, दान घेणाराच जन्माला आलेला नाही, तर दान कसलं? त्यांनी ऐकून घेतलं. फेटा सुटला होता, डोकं उघडं होतं, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचं डोकं लहान आहे. ते म्हणाले, “तू शिकला हाइस. तुझं बराबर आसंल. पन लोकं मला इचारून तहानेले न्हाई राह्यले. म्या त्यांची बारव दिली, तवा कुनाला इचारलं व्हतं? आता त्यांच्याआधी वंजळ धरू का म्या?”



एकदा मी स्टेशनातल्या ओंजळींतून साठवलेली आमच्या घराच्या वाट्याची घागर त्यांच्या दारात नेऊन ठेवली. गोदावरीचं आहे म्हणालो. आबांनी घागरीत वाकून पाहिलं. तळ स्वच्छ दिसत होता, आणि शहागडचा डोह हिरवा आहे हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं.  ते घागर उचलून गावकुसाजवळच्या चांभाराच्या घरी देऊन आले.

अशात त्यांची लेक कौसा माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत दुष्काळ विचारून येत नाही. दिवस भरत आले होते. तोंड सुकलेलं, पाय सुजलेले. आल्या आल्या तिनं प्यायला मागितलं आणि काकीनं झिऱ्याचं गाळलेलं पाणी दिलं. कौसानं तांब्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पिऊन टाकलं.

त्याच आठवड्यात ओढ्याकाठच्या वस्तीत पटकी लागली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. मी सांगत फिरलो, झिऱ्याचं पाणी उकळून प्या. लोक ऐकून घेत आणि चुलीकडे बोट दाखवत. गुरं मेली, मग शेण कुठलं, गोवऱ्या कुठल्या? झाडांच्या वाळल्या काटक्यासुद्धा संपल्या होत्या. सरण रचायला दारांच्या चौकटी काढायची वेळ आली.

त्या दिवशी आबांच्या ओट्यावर मी होतो, जोशीबुवा होते. काकी आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. बाहेरच्या माणसांपुढे ती कधी यायची नाही.

“कौसाला टेसनात नेऊन राह्यले,” ती म्हणाली.

आबा म्हणाले, “न्हाई.”

“म्या इचारलं न्हाई. सांगून राह्यले.”

“त्या पान्यावर आपल्या घराचा हक न्हाई. उदक सोडलंय.”

“आपल्या घराचा न्हाई, हे बराबर,” काकी म्हणाली. “पन कौसा आपल्या घरची कवापासून झाली? तिच्यावर न्हाई सोडलं उदक? ह्याच अंगनात, ह्याच जोशीबुवांनी मंतर म्हन्ले. जावयाच्या हातावर पानी तुमी सोडलं अन् धार म्या धरली. बारव दिली तशी लेक दिली. मंग बारव तेवढी दिलेली, अन् लेक परत घिऊन बसले व्हय घरात? सरडा व्हायचं आसंल तर तसं सांगा.”

आबांनी जोशीबुवांकडे पाहिलं. जोशीबुवा तुळशीच्या वाळल्या काड्यांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “कन्या परगोत्राची. वहिनींचं शास्त्राला धरून आहे.”

आबांनी डोळे मिटले. मला वाटतं त्या माणसाला त्या क्षणी हरल्याचा जितका आनंद झाला, तितका स्टेशन मिळाल्याचाही झाला नसेल. “जल्दी ने,” ते म्हणाले. मग, ती वळल्यावर, “अन् तू?”

“माझा हात लागल्ता ना तुमच्या कोपराला,” काकी म्हणाली आणि आत गेली.

कौसाला आम्ही बाजेवर घालून नेलं. बाजारातले लोक उठून बाजूला झाले. मास्तर कमानीत उभे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, किधर जाना? कौसा कळा देत होती. काकी म्हणाली, “हितंच यायचं व्हतं.” मास्तरांनी मान तुकवली आणि स्वतः जनाना खोलीचं कुलूप काढलं. ती खोली त्या दिवसापर्यंत कुणी वापरली नव्हती. आत कोऱ्या चुन्याचा वास होता आणि जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते. सुईण आली. घागरी आत गेल्या. मास्तर पडदाभिंतीबाहेर पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले, जशी काही गाडी सिग्नलला थांबली आहे. ऊन कलायच्या सुमाराला मुलगी झाली. त्या स्टेशनात खरोखर आलेलं असं तेवढं एकच.

कौसा बरी होती. पोर बरं होतं. बाळंतिणीला तिथेच राहू द्यायचं ठरलं. काकी सकाळ-दुपार भाकरी-कण्या घेऊन यायची, लेकीला न्हाऊ घालायची, नातीला तेल लावायची. हात कोपरापर्यंत पाण्यात असत. प्यायची मात्र नाही. तहान लागली की उठून घरी जायची. एवढ्या उन्हात जाते कुठे, म्हणून मी एकदा तिच्यापुढे भरला तांब्या धरला आणि म्हणालो, काकी, इथे कोण बघतंय? देव आणि सरकार दोघांनाही इकडे बघायला सवड नाही.

ती हसली. तिचे ओठ फुटले होते, हसताना त्यातून रक्त आलं. “देवाचं न्हाई रे,” ती म्हणाली. “तुझा आबा तिकडं येकटा झिऱ्याचं पिऊन राह्यला. म्या हितं गार पिऊ, मंग रातच्याला त्याच्याम्होरं कसं बसू?”

मी तांब्या खाली ठेवला. तिनं त्यातलं पाणी नातीच्या टाळूवर थापलं.

पुस्तिका काढणारी पोरं मला विचारत होती, त्या इमारतीत तुम्हाला सर्वांत सुंदर काय वाटतं. मी मनोऱ्याच्या कमानी सांगितल्या. राज्य गेलं, छोटी लाईन कागदावरूनही गेली, हौद पाडून तिथे दुकानं निघाली. इमारतीत कधी धान्य भरलं, कधी खत. बारवेत बाजारानं कचरा टाकला. जनाना खोलीची जाळी मात्र अजून शाबूत आहे. मी तिच्यावरून जातो तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

एके दिवशी सकाळी काकी आली नाही. भाकरी घेऊन मी गेलो. कौसाला सांगितलं, घरी काम आहे. खरं म्हणजे काकीला आदल्या संध्याकाळीच पटकी लागली होती. मी परत गेलो तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी सुरकुतली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. आबा उशाशी बसून तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. तेच, गाळलेलं, पिवळं. दुसरं घरात नव्हतं. मी म्हणालो, मी आणतो, आत्ता आणतो. आबांनी मान वर केली. ते काही बोलणार तोच काकीनं त्यांचा हात धरला. तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं, पण बोटं सोडेनात. आबा तसेच बसून राहिले. सकाळची घंटा झाली होती, संध्याकाळची व्हायची होती. मधेच कधीतरी ती बोटं आपोआप सुटली.

मेलेल्या माणसाला आंघोळ घालावी लागते. घरात होतं ते पाणी तिच्याच तोंडात गेलं होतं. झिरा पुन्हा भरायला रात्र लागली असती. आळीतल्या बाया दारात उभ्या होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी घागर उचलली. आबांनी ती माझ्या हातातून घेतली.

ते बाजारातून चालत गेले, उघड्या डोक्यानं. मी मागे होतो. मुसाफिरखान्यातले लोक एकेक करून उभे राहिले. उद्घाटनानंतर आबांनी त्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं. मास्तर पुढे आले, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

आबा म्हणाले, “हमीदसाब, येक घागर पानी पाहिजे व्हतं.”

मास्तरांनी किल्ली काढली. गडी धावला, त्याला आबांनी थांबवलं. फरशी सरकवली, स्वतः पायऱ्या उतरले आणि घागर बुडवली. खालून बुडबुड्यांचा आवाज आला. खूप थंड, पोटभर आवाज. वर येताना त्यांचा तोल गेला, पाणी खांद्यावरून अंगरख्यात उतरलं. जनाना खोलीच्या भिंतीला टेकून ते क्षणभर थांबले. आत पोर रडत होतं.

“कोन हाय?” जाळीमागून कौसा म्हणाली. आतल्याला बाहेरचं सगळं दिसत होतं. आम्हाला काही दिसत नव्हतं. “आबा? तुमी?”

आबांनी घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली. पाणी हिंदकळत होतं.

आतलं रडणं थांबलं, कुणीतरी पोराला छातीशी धरल्यासारखं. मग अगदी जवळून, दगडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

“आय कवा गेली?”